मोजून ठेवलेलं शहर

आमच्या कोल्हापुरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचं. साड्यांचे ढीग, पांढऱ्या गाद्या, सिंधी दुकानदाराचा आग्रह, मध्येच आलेला चहा. या जागेला कधीकाळी दुसरं रूप असेल असं तिथं बसून कुणाच्या मनात येत नाही. माझ्या बस्त्याला गेलो होतो तेव्हा आत्या दमून एका दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "हितंच ऱ्हायच्या बघ पोलंडच्या बायका."

मी ऐकलं आणि साड्यांकडं वळले. विचारायला वीस वर्षं लागली.

गांधीनगर म्हणजे जुनी वळिवड्याची छावणी. १९४० आणि ४१ साली सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांतल्या काहींची सुटका झाली. इराणमार्गे फिरत फिरत त्यातली सुमारे पाच हजार माणसं १९४३ पासून वळिवड्यात आली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी तिथं शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली. १९४८ मध्ये छावणी बंद झाली आणि तीच छपरं फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना मिळाली.

आत्या तेव्हा आठ-दहा वर्षांची. आजोबांबरोबर शेंगा विकायला छावणीच्या फाटकापर्यंत जायची. तिथली एक बाई शेंगा घेऊन झाल्या तरी हलायची नाही. खाली बसून काडीनं मातीत रेघा ओढायची. हा दरवाजा, ही चूल, हा गोठा, ही विहीर. तिचं घर. आत्याला तिची भाषा कळत नव्हती, पण घर कळलं. दर खेपेला तेच घर, त्याच जागी तीच विहीर.

मी वास्तुरचनाकार. मातीतल्या त्या रेघा डोक्यात घेऊनच मी गेल्या ऑक्टोबरात वॉर्सॉला गेले. लेक तिथं नोकरी करते. ती सकाळी कामाला गेली की मी वही, पेन्सिल आणि पाच मीटरची टेप घेऊन बाहेर पडायची.

जुन्या शहराच्या चौकात पहिल्या दिवशी मला अस्वस्थ वाटलं. चार बाजूंना अरुंद, उंच, रंगवलेली घरं. नक्षी सतराव्या-अठराव्या शतकातली, पण कोपरे मात्र फार ताजे. जुनी भिंत थोडीतरी झुकलेली असते, चौकट कुठंतरी बसलेली असते, पायरी मधोमध झिजते. इथं ओळंबा धरला तर रेघ चुकणार नाही असं वाटत होतं. मला ठाऊक होतं की हा चौक १९५३ साली नव्यानं उभा राहिलाय, म्हणजे माझ्या आईपेक्षाही वयानं लहान. तरी डोळ्यांनी पाहिल्यावर कुणीतरी फसवल्यासारखं झालं. मग ते शहर कुणी कुणी मोडलं ते समजून घेत हिंडले, आणि तो राग हळूहळू उतरला.

क्राकुफहून राजधानी इथं आणली राजा झिग्मुंट तिसरा यानं, सोळाव्या शतकाच्या अखेरीला. त्याचा स्तंभ राजवाड्यासमोर आहे, १६४४ साली त्याच्या मुलानं उभारलेला. झिग्मुंट मूळचा स्वीडनच्या राजघराण्यातला. आणि स्तंभ उभा राहून अकरा वर्षं होतात तोच, १६५५ मध्ये, स्वीडनचीच फौज शहरात शिरली. त्यांनी राजवाडे अक्षरशः सोलले. चित्रं, गालिचे, पुस्तकं तर नेलीच, पण भिंतींतले संगमरवरी थर, कमानींचे दगड, खांबांचे तुकडेही उखडून विस्वा (व्हिस्चुला) नदीतून तराफ्यांवर लादले. त्यातला काही माल नदीतच बुडाला. २०१२ साली पाणी खूप आटलं आणि गाळातून ते कोरीव दगड वर आले. साडेतीनशे वर्षांनी नदीनं वस्तू परत केल्या. मी पुलावर उभी राहून त्या तपकिरी पाण्याकडं बराच वेळ पाहत राहिले. पंचगंगेच्या पुराचं पाणी बघायची सवय असलेल्या माणसाला आटलेली नदी काय काय दाखवू शकते याची कल्पना नसते.

त्यानंतरची यादी मी भराभर सांगते. स्वीडिश पुन्हा आले. नोव्हेंबर १७९४ मध्ये रशियाच्या सुवोरोवच्या सैन्यानं नदीपलीकडच्या प्रागा भागात हजारो माणसं कापली. पुढच्या वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा उरलेला भाग वाटून घेतला, नकाशावरून देश पुसला गेला आणि वॉर्सॉ प्रशियाच्या वाट्याला आलं. राजधानीचं जिल्ह्याचं गाव झालं, लाखाच्या वर असलेली वस्ती जवळजवळ निम्म्यावर आली. १८०६ मध्ये नेपोलियनचे लोक आले, १८०९ मध्ये काही आठवडे ऑस्ट्रियाचे, १८१३ मध्ये रशियाचे. रशियाचे मात्र शंभर वर्षं राहिले, आणि सैन्य येऊन लुटून जाणं वेगळं, शंभर वर्षं राहणं वेगळं.

त्या राहण्याची खूण बघायची तर नदीकाठचा लाल विटांचा कोट बघावा. १८३० च्या नोव्हेंबरात पोलिश तरुण उठले, पुढच्या सप्टेंबरात त्यांचा पाडाव झाला आणि झार पहिल्या निकोलसनं १८३२ पासून हा कोट बांधायला घेतला. खर्च पोलिश लोकांच्याच माथी. जागेसाठी झोलिबोझ भागातली घरं पाडली. मी तटावर चढले आणि तोफांच्या जागांवरून रेघ ओढून बघितली. सह्याद्रीतल्या गडांवर वाढलेल्या माणसाला तट कुणाकडं तोंड करून आहे हे आधी बघायची सवय असते. या कोटाचं तोंड शहराकडं आहे. १८३५ मध्ये झारनं शहरातल्या पुढाऱ्यांना समोर उभं करून बजावलं होतं की जरा गडबड झाली तर याच कोटातून वॉर्सॉ जमीनदोस्त करीन, आणि पुन्हा बांधणार नाही. १८६३ च्या उठावाचा नेता रोमुआल्ड त्राउगुट याला पुढच्या वर्षी याच कोटाच्या उतारावर फाशी दिलं.

उठाव मोडल्यावर शाळा आल्या. म्हणजे पोलिश शाळा गेल्या आणि रशियन आल्या. मारिया स्क्लोडोव्स्का, जिला आपण मादाम क्यूरी म्हणून ओळखतो, ती १८६७ साली या शहरात जन्मली. तिच्या शाळेत पोलिश इतिहास चोरून शिकवत. तपासनीस आला की पुस्तकं गायब व्हायची आणि हुशार म्हणून मारियाला उभं करून तिच्याकडून झारांची नावं रशियनमधून वदवून घ्यायचे. मुलींना विद्यापीठ बंद, म्हणून शहरात एक चोरटं विद्यापीठ चाले. त्याचे वर्ग कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत भरत आणि पोलिसांच्या भीतीनं सतत जागा बदलत, म्हणून त्याचं नाव फिरतं विद्यापीठ. मारिया तिथं शिकली. १८९८ मध्ये पॅरिसमध्ये तिनं आणि पिएर क्यूरी यांनी नवं मूलद्रव्य शोधलं, तेव्हा नकाशावर नसलेल्या देशाचं नाव तिनं आवर्त सारणीत लिहून ठेवलं. शाळेत पोलोनियम पाठ करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शहराच्या मध्यावर एक मोठा रिकामा चौक आहे. मी तिथं पाच-सहा वेळा गेले असेन. पूर्वी तो सॅक्सन चौक होता. रशियनांनी १८९४ ते १९१२ या काळात तिथं भलंमोठं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल बांधलं, सत्तर मीटर उंच घंटाघरासकट. कॅथलिक शहराच्या छातीवर, कुठूनही दिसेल असं. १९१५ मध्ये जर्मन आले, जाताना रशियनांनी पूल उडवले. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि १९२० च्या दशकाच्या मध्याला पोलिश लोकांनी ते कॅथेड्रल पाडून टाकलं. चौकाला स्वतंत्र पोलंडचा नेता पिल्सुद्स्की याचं नाव दिलं. १९४० मध्ये त्याचा अ‍ॅडॉल्फ हिटलर चौक झाला. युद्धानंतर विजय चौक. १९९० मध्ये पुन्हा पिल्सुद्स्की चौक. एका बाजूला सॅक्सन राजवाडा होता, तो जर्मनांनी डिसेंबर १९४४ मध्ये उडवला. त्याच्या तीन कमानी तेवढ्या उरल्या, अज्ञात सैनिकाच्या समाधीवरच्या. त्या कमानी मी मोजल्या नाहीत. पहाऱ्यावर सैनिक उभे असतात आणि तिथं टेप काढणं बरं दिसलं नसतं.

कॅथेड्रल पाडलं हे मला पटत नाही. पाडणाऱ्यांचा राग मला कळतो. वर्षानुवर्षं रोज खिडकीतून तो घुमट बघावा लागलेल्या माणसाला मी वास्तुकलेचं मूल्य सांगायला जाणार नाही. तरी बांधकामाची दहा-वीस वर्षं आणि हजार गवंड्यांचे हात सुरुंगात जातात तेव्हा मला वाईट वाटतंच, बांधणारा कुणीही असो.

मग १९३९. अठ्ठावीस सप्टेंबरला शहरानं शरणागती दिली. पोलिश संगीतकार शोपँचं संगीत जाहीरपणे वाजवायला बंदी आली आणि पुढच्या मे महिन्यात बागेतला त्याचा पुतळा सुरुंगानं उडवला. कोपर्निकसचा पुतळा त्यांनी ठेवला, पण त्यावर जर्मन भाषेतली पाटी लावली, कोपर्निकस जर्मन होता म्हणून. फेब्रुवारी १९४२ मध्ये अलेक नावानं ओळखला जाणारा एकवीस वर्षांचा स्काउट, माचेय अलेक्सी दाविदोव्स्की, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर ती पाटी स्क्रू काढून घेऊन गेला. चिडून जर्मनांनी किलिन्स्कीचा पुतळा उतरवला. यान किलिन्स्की म्हणजे १७९४ मध्ये रशियनांवर चालून गेलेला चांभार. पुतळा राष्ट्रीय संग्रहालयात लपवला आहे हे अलेकला कळलं आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरं उमटली: वॉर्सॉच्या लोकांनो, मी इथं आहे, यान किलिन्स्की. थोड्याच दिवसांत शहरभर कोपर्निकसच्या सहीनं पत्रकं लागली, की किलिन्स्कीचा पुतळा हलवल्याची शिक्षा म्हणून मी हिवाळा सहा आठवड्यांनी लांबवत आहे. पुढच्या मार्चमध्ये, पकडलेल्या सोबत्याला सोडवताना लागलेल्या गोळीनं अलेक गेला. कोपर्निकस अजून तिथंच बसलाय, हातात गोल घेऊन. पायथ्याच्या दगडावर हात टेकला तर थंडगार लागला.

आता मोजमापाची गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

वास्तुरचनेच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला जुन्या वास्तूचं मोजमाप करून नकाशे काढावे लागतात. आम्ही चौघांनी कोल्हापुरातला एक वाडा मोजला होता. जोत्याची उंची, खांबाच्या तळखड्याचा परीघ, तुळयांतलं अंतर, देवळीची खोली. तीन आठवडे धुळीत. तेव्हा ती शिक्षाच वाटायची. वॉर्सॉच्या तंत्रविद्यापीठातही हेच चालायचं. प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की यांनी पोलिश वास्तुकलेचा विभाग उभा केला आणि १९२० च्या दशकापासून मुलामुलींच्या तुकड्या गावोगाव पाठवून घरं, चर्चं, चौक मोजून घेतले. सप्टेंबर १९३९ च्या वेढ्यात हाच संग्रह वाचवायच्या धडपडीत सोस्नोव्स्की विभागाच्या अंगणात जबर जखमी झाले आणि काही दिवसांत गेले. विभाग यान झाखवातोविच यांच्याकडं आला. जर्मनांनी विद्यापीठं बंद केली होती. तरी वर्ग लपूनछपून भरत राहिले आणि शहराची मोजणीही चालू राहिली. पाडलं जाणार हे दिसत असलेलं शहर ती मुलं मोजत होती.

राजवाड्याच्या भिंतींत जर्मनांनी १९३९ च्या अखेरीलाच सुरुंगासाठी हजारो भोकं पाडून ठेवली होती. दारू भरली नाही. पाच वर्षं ती भोकं तशीच राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं की हा राजवाडा मरणार आहे, फक्त तारीख ठरलेली नाही. संग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव लोरेन्त्झ आणि त्यांच्या माणसांनी या काळात जे सुटं करता आलं ते काढून लपवलं, छताच्या चित्रांचे तुकडेसुद्धा.

१ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता शहर उठलं. त्रेसष्ट दिवस लढलं. दीड ते दोन लाख नागरिक मेले. सोव्हिएत सैन्य सप्टेंबरच्या मध्यापासून नदीच्या पलीकडच्या काठावर येऊन बसलं होतं. राजवाडा लढाई चालू असतानाच उडवला गेला. ऑक्टोबरात शरणागती झाली, उरलेल्या माणसांना शहराबाहेर काढलं आणि मग, लढाई संपल्यावर, रिकामं शहर एकेक घर करत जाळायला, उडवायला सुरुवात झाली. शहरातली दुर्मीळ हस्तलिखितं क्राशिन्स्की ग्रंथालयात आणून ठेवली होती, तीही जाळली. शरणागतीच्या करारात सांस्कृतिक ठेवा हलवायची थोडी सवलत मिळाली होती. त्या सवलतीच्या आडोशानं झाखवातोविच जळत्या शहरात परत शिरले आणि नकाशांचे गठ्ठे ट्रकमध्ये घालून पिओत्रकुफ गावच्या मठात घेऊन गेले. तिथं ते तळघरातल्या शवपेट्यांत लपवले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य नदी ओलांडून आलं तेव्हा शहराचा पाचातला चार हिश्श्यांहून जास्त भाग ढिगारा झाला होता, आणि शहराची मापं दीडशे किलोमीटरवर थडग्यांत सुखरूप होती.

जुनं शहर त्या मापांवरून उभं राहिलं. मदतीला अठराव्या शतकातला चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो होता. पोलंडच्या शेवटच्या राजाच्या पदरी राहून त्यानं रस्त्यांची चित्रं इतकी बारकाईनं काढली की खिडकीची झडप कुठल्या बाजूला उघडते ते कळतं. त्या चित्रांचाही वनवास मोठा आहे. काही नेपोलियननं नेली, नंतर झारनं नेली, शेवटी जर्मनांनी. आज ती राजवाड्यातल्या एका खोलीत आहेत. मी त्या खोलीत दोन तास होते. एका चित्रापुढं उभी राहिले, मग बाहेर जाऊन तोच रस्ता पाहिला, परत आत आले. बेलोत्तोनं मधूनमधून मनानंही रंगवलंय, नक्षी जरा जास्त सुंदर केलीय, आणि त्याची ती लबाडीही काही घरांत आता विटाचुन्यात उतरलीय. युनेस्कोनं १९८० मध्ये हे नवं जुनं शहर जागतिक वारसा म्हणून मान्य केलं. राजवाडा लोकांनी वर्गणी काढून बांधला, १९८४ साली तो उघडला, आणि लपवून ठेवलेले मूळ तुकडे जिथल्या तिथं भिंतीत बसवले. नव्या गिलाव्यात मधेच एखादा काळवंडलेला दगड दिसतो. तो खरा. पहिल्या दिवशीचा माझा राग तिथं गेला.

पण सगळं शहर असं परत आलं नाही. युद्धापूर्वी वॉर्सॉतला जवळजवळ दर तिसरा माणूस ज्यू होता. जर्मनांनी चार लाखांहून जास्त ज्यूंना भिंतीआड कोंडलं, १९४२ च्या उन्हाळ्यात बहुतेकांना त्रेब्लिंकाच्या मारछावणीत नेलं, आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये उरलेल्यांनी उठाव केल्यावर तो सगळा भाग सपाट केला. तिथं आज मुरानुफ नावाची वसाहत आहे. ढिगारा इतका होता की तो उचलला नाही, त्यावरच घरं बांधली, त्याचाच चुरा करून त्याच्या विटा केल्या. म्हणून तिथल्या इमारती रस्त्यापेक्षा उंच टेकाडांवर आहेत, पायऱ्या चढून दाराशी जावं लागतं. मी सात पायऱ्या मोजल्या आणि वही मिटली. त्या पायऱ्यांखाली घरं आहेत. पुन्हा बांधली असती तरी राहायला कोण येणार होतं? त्या माणसांनीही नोंद ठेवली होती. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सोबत्यांनी रोजनिश्या, पत्रं, रेशनची कुपनं, मुलांचे निबंध जमवले आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. दोन साठे १९४६ आणि १९५० मध्ये सापडले. तिसरा अजून सापडलेला नाही.

शेवटचे परके म्हणजे सोव्हिएत सैन्य, १९४५ ला आलं ते मुक्तिदाते म्हणून, आणि १९९३ च्या सप्टेंबरपर्यंत राहिलं. सोव्हिएत संघानं दिलेली भेट शहरात कुठूनही दिसते, २३७ मीटर उंचीचा सांस्कृतिक प्रासाद, १९५५ मध्ये पुरा झालेला. तो पाडावा असं म्हणणारे आजही आहेत. लेक मात्र म्हणते, "आई, मला रस्ता सापडतो तो त्याच्यामुळं." त्याच्याकडं बघताना मला चौकातलं ते नसलेलं कॅथेड्रल आठवायचं.

परत यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मॉन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाकडं गेलो. त्याच्याजवळच वळिवड्याच्या छावणीची आठवण जपणारं छोटं स्मारक आहे. कोल्हापूर हे नाव तिथं, त्या थंडीत, दगडावर. लेकीनं व्हिडिओ कॉल लावला आणि आत्याला ते दाखवलं. आत्या आता नव्वदीला टेकलीय. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"मग बांधलं का गं त्यांनी घर परत?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. शहर बांधलं, आत्या. पण वळिवड्याच्या त्या बायका या शहरातल्या नव्हत्या. त्यांची गावं पूर्वेला होती, युद्धानंतर सरहद्द सरकली आणि ती गावं सोव्हिएत संघात गेली. आज ती युक्रेनमध्ये, बेलारूसमध्ये, लिथुआनियात आहेत. कित्येक जणी इंग्लंडला गेल्या, कुणी आणखी लांब. त्यांच्या घराचं काय झालं, मला नाही सांगता यायचं.

आत्या गप्प बसली. मला वाटलं आवाज तुटला.

"दार उगवतीला हुतं," ती म्हणाली. "आत गेल्यावर डाव्या हाताला चूल. मागं गोठा, दोन दावणींचा. हीर गोठ्याच्या पल्याड, झाडाखाली. लिहून घे."

मी स्मारकाच्या पायरीवर बसले आणि वही काढली. "हळू सांग," म्हटलं, "दारापासून विहीर किती पावलं?"